शंभरची पट्टी

आखणारा : मामा, राग मानू नका, पण विजेच्या पॅनेलचा डबा शॉपवर तयार होतो हे म्हणणं आता सवयीपुरतं उरलं आहे. तो तयार होतो माझ्या टेबलावर. भिंत किती उंच, दार किती रुंद, बिजागरी कुठे, गॅस्केट कुठे बसणार, हे सगळं आधी पडद्यावर उभं राहतं. मग तोच डबा उलगडून सपाट करायचा, म्हणजे तुमच्या भाषेत डेव्हलपमेंट काढायचं. अशी दहा-वीस डेव्हलपमेंट सव्वा मीटर बाय अडीच मीटरच्या पत्र्यावर एकमेकांच्या कुशीत बसवली की नेस्टिंग झालं. लेझर त्या रेषांवरून फिरतो, बेंडिंग मशीन सांगितलेल्या कोनात वाकवतं, भट्टी रंग पक्का करते. दोन मिलिमीटरचा असा एक पत्रा ४९ किलो भरतो. त्यातले किती किलो डब्यात जातील आणि किती भंगारात, हे पत्रा टेम्पोतून उतरण्याआधी मी सांगू शकतो. खाली जे चालतं ती हुकमाची तामिली. चोख तामिली, पण तामिलीच.

वाकवणारा : राग कसला, साहेब? तुमचं पोट टेबलावर, माझं मशीनपाशी. ज्याला त्याला आपली जागा मोठी वाटणारच. पण एक विचारतो. डबा पडद्यावर उलगडताना संगणक तुमच्याकडे एक आकडा मागतो आणि तुम्ही तो निमूट देता. तो आकडा येतो कुठून?

आखणारा : के-फॅक्टर म्हणताय ना? त्यात गूढ काही नाही. पत्रा वाकला की घडीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. मधे एक थर असा असतो की त्याची लांबी बदलत नाही. तो आतल्या पृष्ठापासून जाडीच्या कितव्या हिश्शावर आहे, तो के. साध्या सीआरसीए पत्र्याला मी ०.४२ धरतो. दोन मिलिमीटर जाडी, घडीची आतली त्रिज्या २.६, कोन काटकोन. हिशेब केला तर बाहेरून मोजलेल्या बाजूंच्या बेरजेतून दर बेंडला ३.८ मिलिमीटर वजा करायचे. तुमच्या पिढीत 'बेंडला दोन जाड्या वजा' म्हणायचे, ते हेच. तुम्ही अंदाजाने चारपाशी यायचात, मी गणिताने ३.८ वर येतो.

वाकवणारा : आणि ती २.६ ची त्रिज्या कोणी दिली? तुम्ही म्हणाल ड्रॉइंगने. ती डायने दिली. आपण पत्रा साच्यात ठेचत नाही. व्ही आकाराच्या खाचेच्या दोन काठांवर तो टेकलेला असतो, वरून पंच उतरतो आणि पत्रा अधांतरीच वाकतो. म्हणून तर त्याला एअर बेंडिंग म्हणतात. अशा वेळी आतली गोलाई पंचाच्या टोकापेक्षा खाचेच्या रुंदीवर ठरते. साध्या स्टीलला खाचेच्या सहाव्या भागाच्या किंचित आत. जाडीच्या आठपट खाच घ्यायची हा रिवाज, म्हणजे दोनच्या पत्र्याला १६ ची डाय. आता समजा १६ ची डाय दुसऱ्या मशीनवर अडकली आहे आणि पोराने १२ ची चढवली. कोन बघाल तर बरोबर नव्वद. गुण्या लावा, उजेडाची चीर दिसणार नाही. पण गोलाई उतरली दोनच्या खाली आणि तुमचे ३.८ झाले ३.५. एका बेंडला तीन दशांश मिलिमीटर, कोणाच्या नजरेत येणार? पण दाराला एका दिशेने चार बेंड असतात. पत्र्याला मागून अडवणारा बॅकगेज प्रत्येक बाजू तंतोतंत मोजून देतो, म्हणून सगळी चूक गोळा होऊन शेवटच्या बाजूत उतरते. जवळपास सव्वा मिलिमीटर. ती बाजू आखूड पडते आणि दार गॅस्केटवर एका अंगाने टेकतच नाही. क्वालिटीवाला येतो, कोन बघतो, बरोबर. सपाट तुकडा ड्रॉइंगला लावतो, तोही बरोबर. सगळं बरोबर आणि डबा चूक.

आखणारा : पण ही तक्रार माझ्याच पारड्यात पडते, मामा! पोराने १२ ची डाय चढवली कारण ड्रॉइंगवर डायचा आकडा नव्हता. मी तो लिहिला, आणि ती डाय लावल्याशिवाय प्रोग्राम उघडूच दिला नाही, तर चूक संपली. कौशल्य या शब्दाआड पुष्कळदा नुसती न लिहिलेली माहिती दडलेली असते. लिहिली की ती सगळ्यांची होते. न लिहिता डोक्यात ठेवली की त्या डोक्याला मान मिळतो. तुम्हाला उद्देशून नाही म्हणत, आमच्या डिझाइन विभागातही असे दोन-तीन महाराज आहेत. साधं जाडीचं घ्या. अजून लोक गेजमध्ये बोलतात आणि मिलिमीटरमध्ये भांडतात.

(लेखकाला इथे तोंड घातल्यावाचून राहवत नाही. गेज हे माप उलटं चालतं, आकडा वाढला की पत्रा पातळ. त्यातही ब्रिटिश १६ गेज म्हणजे १.६३ मिलिमीटर आणि अमेरिकन स्टीलच्या पत्र्याचं १६ गेज म्हणजे १.५२. दोघेही 'सोळा गेज' म्हणून हात मिळवतात आणि वेगवेगळा पत्रा घेऊन घरी जातात.)

वाकवणारा : लिहा की, कोण अडवतंय! पण पत्रा स्वतःबद्दल सगळं लिहून पाठवत नाही. चलनावर 'दोन मिलिमीटर, सीआरसीए' एवढंच असतं. मायक्रोमीटर लावा, कधी दोनच्या आत भरतो, कधी वर. जाडीचं एक वेळ चालेल, पण आतला कडकपणा कोणत्या चलनावर असतो? नव्वद हवा असेल तर मी नव्वदच्याही आत दाबतो; पंच उचलला की पत्रा थोडा परत उघडतो आणि नव्वदला येऊन थांबतो. नरम गठ्ठा कमी उघडतो, कडक जास्त. स्टेनलेस तर सरळ दोन-तीन अंशांनी हात दाखवतं. मग लाटण्याची दिशा. गिरणीने पत्रा ज्या दिशेने लाटला तिला समांतर घडी घातली तर कडक पत्र्याच्या बाहेरच्या कडेला केसासारख्या चिरा पडतात. आडवी घातली तर पडत नाहीत. तुमचं नेस्टिंग वीतभर पत्रा वाचवायला तुकडा नव्वद अंशांत फिरवून ठेवतं. संगणकाला पत्रा चहूकडून सारखाच दिसतो. मला तो लाकडासारखा दिसतो, रेषा असलेला.

पुण्यात तांबट आळीत जाऊन बघा. तांब्याचं भांडं ठोकता ठोकता कडक होत जातं, म्हणून मध्ये तापवून नरम करावं लागतं. शेवटी जे मठारकाम करतात, ते ठोक्यांचे चमकणारे डोळे, ती नुसती नक्षी नसते; त्याने भांड्याच्या अंगात ताठपणा येतो. आणि सीआरसीएमधलं शेवटचं 'सीए' तरी काय? थंड लाटून कडक झालेला पत्रा बंद भट्टीत तापवून नरम केला. गिरणीने तांबटाचंच काम केलं, फक्त टनावारी. तांबटाला आता तापवायची वेळ झाली हे दर भांड्याला हाताला कळतं. तुम्हाला ते गठ्ठ्यामागे एकदा तरी कळतं का?

आखणारा : तुम्ही तांबट काढलात, मी पन्हळी पत्रा काढतो. लंडनच्या गोदीतल्या हेन्री रॉबिन्सन पामर नावाच्या इंजिनिअरने १८२९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सपाट पातळ पत्रा एका टोकाला धरला तर मान टाकतो. त्यालाच पन्हळी पाडल्या की दोन वाशांमधलं अंतर आणि वरून चालणारं माकड, दोन्ही तोलतो. लोखंड तेच; ताकद आली ती आकारातून. आणि आकार ही विचार करायची गोष्ट आहे, हाताला जाणवायची नव्हे. तुमच्या दाराला ते चार बेंड कशाला? गॅस्केटला खाच हवी म्हणून, आणि दार डबडबू नये म्हणून. ताठपणासाठी जाडी दुप्पट केली तर सपाट पत्र्याचा ताठपणा आठपट होतो खरा, पण वजन आणि खर्चही दुप्पट. कड वाकवली तर तेच काम मूठभर लोखंडात होतं. हा निर्णय माझा. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीत गोदरेजने लाखो पोलादी मतपेट्या केल्या. एकसारखा डबा, देशाच्या टोकापर्यंत गेला. तेवढं काम कोणाच्या हाताला काय कळतं यावर सोडता आलं असतं?

वाकवणारा : त्याच पेटीची आणखी एक गोष्ट सांगतात. बाहेरचं कुलूप परवडेना, म्हणून आतून बंद होणारी कडी काढली, आणि ती सुचली शॉपवरच्या एका कामगाराला. पण एवढ्या एका गोष्टीवर मी माझी बाजू उभी करणार नाही. एकाला सुचलं म्हणून सगळ्यांना सुचतं असं नाही, आणि ज्यांना सुचलं त्यांतल्या किती जणांचं ऐकलं गेलं, ते वेगळंच.

तुम्हाला वाटतंय मी जुन्या काळाचे गोडवे गातोय. साहेब, मी पॉवर प्रेसवर सुरुवात केली. पायाने पॅडल दाबायचं. आतल्या क्लचची की झिजली की एका दाबाला दोन ठोके पडायचे. पहिला पडला म्हणून तुकडा काढायला हात आत जायचा, आणि वरून दुसरा यायचा. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २१ होतं, मशीनचा धोक्याचा भाग झाकलेला हवा. कायदा होता, जाळीही होती. ती भिंतीला टेकवून ठेवलेली असायची, कारण जाळी लावली की तासाचे नग कमी भरत. ज्याला तुम्ही लोक हाताचं कसब म्हणून हार घालता, त्यातलं निम्मं कसब हात वेळेवर बाहेर काढण्याचं होतं. आज प्रकाशाच्या पडद्यात बोट गेलं तर मशीन जागच्या जागी थांबतं. लेझरला तर हात लावायचं कामच नाही. ते दिवस परत आणा असं माझ्या तोंडून कधी ऐकू येणार नाही.

आखणारा : मग भांडण कशावर आहे? मशीन तुम्हाला हवं, आकडे लिहायला तुमची हरकत नाही.

वाकवणारा : भांडण 'तामिली' या शब्दावर. गेल्या पावसाळ्यातलं आठवा. दारांच्या कडांचा रंग सुटायला लागला. सपाट अंगावर रंग घट्ट, नखाने निघेना; कडेला मात्र पापुद्रे. सगळ्यांनी पावडर कोटिंगवाल्याला धारेवर धरलं. त्याने सातही टाक्या उपसल्या. तेल काढायची, गंज काढायची, फॉस्फेटची, मधल्या धुण्याच्या, सगळ्या. भट्टी तपासली, दोनशे अंश, दहा मिनिटं, काही चूक नाही. रंगाचा थर मोजला, सत्तर मायक्रॉन, हवा तेवढा. चूक त्याच्या दारात नव्हतीच. लेझरवाल्याने त्या लॉटला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन लावला होता. ऑक्सिजनने कापलं की स्टीलच्या कडेवर काळपट ऑक्साइड बसतं. रंग त्या ऑक्साइडला चिकटतो, आणि ऑक्साइड पत्र्याला धड चिकटलेलं नसतं. रंग सुटला नाही साहेब, रंगाखालची जमीन सुटली. नायट्रोजनने कड पांढरीशुभ्र निघते, पण गॅसचं बिल वाढतं. कोणीतरी तासाला काही रुपये वाचवले आणि त्याचा डाग तीन महिन्यांनी, तिसऱ्याच माणसाच्या अंगावर उमटला.

आखणारा : लेझर कटिंग जन्मलं तेच ऑक्सिजनच्या मांडीवर. १९६७ मध्ये इंग्लंडात पीटर होल्डक्रॉफ्टने लेझरच्या किरणाबरोबर ऑक्सिजनचा झोत सोडला आणि एक मिलिमीटरचं स्टील कापून दाखवलं. ऑक्सिजनमध्ये लोखंड जळतं, त्या जळण्याची उष्णता कापायला मदत करते. जे जळणं कापतं, तेच कडेवर मागे राहतं. पण तुमच्या या गोष्टीतून मला दिसतं ते उलटंच. भोसरीत एका गाळ्यात लेझर, दुसऱ्या गल्लीत बेंडिंग, नाल्यापलीकडे पावडर कोटिंग. प्रत्येक जण जॉबवर्कवाला, प्रत्येकाचा भाव वेगळा, कोणी किलोवर, कोणी बेंडवर, कोणी चौरस फुटावर. कापणाऱ्याला रंगाची काळजी असण्याचं कारणच नाही. रंगाचे पैसे त्याला मिळत नाहीत. या सगळ्या गाळ्यांतून फिरणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ड्रॉइंग. म्हणून 'रंग द्यायच्या कडा नायट्रोजननेच कापाव्यात' हे वाक्य ड्रॉइंगवरच हवं. डिझाइन कमी पडलं याचा अर्थ डिझाइन जास्त हवं.

वाकवणारा : दोन गोष्टी फिरतात. ड्रॉइंग आणि पत्रा. ड्रॉइंग फिरून कोरं करकरीत परत येतं. पत्र्यावर प्रत्येक गाळ्याची खूण राहते. कापल्याची बर, बेंडवर डायच्या काठाचा ओरखडा, वेल्डिंगच्या तापाने आलेला पोक, ग्राइंडिंगने पडलेला खड्डा, हाताच्या घामाचा ठसा जो दुसऱ्या दिवशी गंजून बोटासकट उमटतो. रंग देणारा हे सगळं वाचत असतो, कारण रंग झाकत नाही, उठवून दाखवतो.

आणि तुमच्या ड्रॉइंगचीच एक गोष्ट. त्या लांब खोक्याच्या कडेला तुम्ही बंद घडी दिली होती, पत्रा पूर्ण उलटा दुमडून. दिसायला सुंदर, हाताला लागत नाही. पण टाकीत बुडवलं की आम्ल त्या घडीच्या पोटात शिरतं आणि धुतलं तरी सगळं निघत नाही. वरून रंग बसतो, आत आम्ल. दोन महिन्यांनी घडीतून तपकिरी ओघळ. पाणी निघायला भोक लागतं. शिवाय टांगायला भोक लागतं. डबा भट्टीत हुकाला लटकून जातो, तरंगत नाही. तुमच्या ड्रॉइंगमध्ये दोन्ही नव्हती. हेल्परने ड्रिल उचललं आणि पाडली. त्याने हुकूम मोडला म्हणून तुमचे डबे वाचले.

आखणारा : मान्य. पण मला कळलं कधी? ते भोक मला गेल्या महिन्यात दिसलं, तेही चुकून. तोवर दीड वर्ष तो भोकं पाडत होता आणि दीड वर्ष माझं ड्रॉइंग चुकीचं राहिलं. तेच ड्रॉइंग उद्या दुसऱ्या गाळ्यात गेलं असतं, तिथे तो हेल्पर नसता. मामा, शॉपचा हाच दोष मला खुपतो. तुम्ही चूक दुरुस्त करता आणि तिची बातमी पोटात ठेवता. मग वर बसलेल्या माझ्यासारख्याला वाटत राहतं की आपलं सगळं जमतंय. माझा गर्व म्हणता ना, तो तुमच्या मुकेपणावर पोसलेला आहे.

वाकवणारा : मुका का झाला तेही ऐका. त्याने सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, 'कोणाला विचारून पाडलंस?' मग डेव्हिएशनचा फॉर्म, त्यावर त्याची सही, आणि पुढे कुठे काही गंजलं तर तोच फॉर्म त्याच्या नावाने वर काढला असता. भोक पाडणं फुकट होतं, सांगणं महाग होतं. तुम्ही कापणाऱ्याचं सांगितलंत, ज्याचे पैसे मिळत नाहीत त्याची काळजी कोण करणार. हेल्परलाही सांगण्याचे पैसे मिळत नाहीत.

आखणारा : म्हणून तर मी मशीनकडे वळतो. मशीनला सही करायची भीती नसते. आता असे प्रेस ब्रेक, म्हणजे बेंडिंग मशीन, आहेत की पत्रा वाकत असतानाच कोन मोजतात, किती उघडतोय ते बघतात आणि तेवढं जास्त दाबतात. गठ्ठा कडक असो की नरम, कोन नव्वदच. तुमचा गठ्ठ्यामागचा प्रश्न तिथे सुटला.

वाकवणारा : कोन सुटला. लांबीचं काय? गठ्ठा बदलला हे मशीनला कळलं, त्याने ते आपल्यापुरतं निस्तरलं आणि पुढच्या तुकड्याला लागलं. ते तुमच्या टेबलापर्यंत आलं का? तुमचं मशीन त्या हेल्परसारखंच झालं की. दुरुस्त करतं आणि गप्प बसतं.

आखणारा : नोंद ठेवता येते. प्रत्येक बेंडची.

वाकवणारा : ठेवा. वाचणार कोण? पूर्वी पहिला पीस चुकला की तो टेबलावर आपटून चार जण भांडायचे, आणि त्या भांडणात प्रत्येक जण काहीतरी शिकायचा. आता पहिलाच पीस बरोबर निघतो. चांगलंच आहे, पत्रा वाया जात नाही. पण मग नवा माणूस पत्र्याचं अंग ओळखायला शिकणार कशावर, हे मला खरंच कळत नाही. तुम्हाला टोमणा मारायला नाही विचारत.

आखणारा : मलाही नाही कळत. मगाशी तुम्ही विचारलंत, ०.४२ कुठून आला. खरं सांगू? मी रुजू झालो तेव्हा तो तक्त्यात होता. मी कधी विचारलं नाही.

वाकवणारा : मी सांगतो. शंभर मिलिमीटरची पट्टी कापायची, मधोमध काटकोनात वाकवायची आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजायच्या. बेरीज आली १०३.८. ते वरचे ३.८ म्हणजे तुमची वजाबाकी. त्यावरून कोणीतरी उलटा हिशेब करून के काढला आणि तक्त्यात लिहिला. त्या गठ्ठ्याला, त्या डायवर. तो पत्रा केव्हाच कोणाच्या तरी भिंतीवर डबा होऊन लटकलाय, ती डायही झिजली असेल. आकडा तेवढा राहिला.

आखणारा : मग प्रत्येक गठ्ठ्याला पट्टी कापायची? दहा मिनिटं मशीन थांबणार. तासाच्या भावात ती दहा मिनिटं कोणाच्या नावावर टाकू? आणि समजा आकडा वेगळा आला. मशीन थांबवण्याचा अधिकार मला नाही, तक्ता बदलण्याचा तुम्हाला नाही.

वाकवणारा : कालचा गठ्ठा हाताला कडक लागतोय. जेवणाच्या सुट्टीत मशीन तसंही उभं असतं. दोन पट्ट्या वाकवून ठेवतो, एक १६ च्या डायवर, एक १२ च्या. येताना व्हर्नियर आणा, शॉपवरच्याचा झिरो सरकलाय.